इंजिनाकडे पाठ करून उभे राहणारे अण्णा

खंडेराव लाड यांना, म्हणजे आपल्या सर्वांच्या अण्णांना, मी पहिल्यांदा पाहिले ते मल्लेश्वरम स्टेशनच्या फलाटावर. नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला येऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. गाडीला उशीर होता आणि मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होतो. बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी माझ्या सात-आठ फेऱ्या मुकाट्याने पाहिल्या आणि म्हणाले, "स्वल्प बसा की हो. तुम्ही चालल्याने गाडी लौकर येत नाही." त्यांचे घराणे तीनशे वर्षांपूर्वी या मुलुखात आले, हे पुढे कळले. त्या दिवशी एवढेच कळले की इंजिन दिसण्याआधी, नुसत्या शिट्टीवरून, ते आज कोण चालवतो आहे हे या माणसाला सांगता येते.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, आम्ही एकाच सरकारी कारखान्यात! अण्णा तिथे ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख होते. घाईघाईने केलेले माझे पहिले ड्रॉइंग त्यांनी तीनदा परत पाठवले. मी धुसफुसत राहिलो. चौथ्यांदा त्यांनी सही केली. "सरी, ठीक आहे. आता याच्यावरून लोखंड कापायला हरकत नाही," म्हणाले. त्याच आठवड्यात माझ्या बिऱ्हाडासाठी जागा शोधायला ते माझ्याबरोबर उन्हातून तीन संध्याकाळी हिंडले. मला त्यांनी नाव ठेवले 'अर्जंट साहेब'. ते अजून चालू आहे, आणि खोटे नाही.

आमच्या रेल्वेवेड्या मंडळींसाठी वर्षातून एक-दोनदा रविवारची अख्खी गाडी ठरवण्याचा उद्योग अण्णांनीच सुरू केला. येलहंकेहून नंदीच्या डोंगराकडे जाणारी छोटी लाईन, म्हातारे इंजिन, चार डबे, आणि अण्णांच्या पत्नीने, म्हणजे अक्कांनी, केळीच्या पानात बांधून दिलेला चिंचभात. लोक हसायचे. सुट्टीच्या दिवशी कुठे जायचे नसताना आगगाडीत बसणारी माणसे म्हणजे शहाणी नव्हेतच. चढणीवर एका ठिकाणी आम्ही सगळे खाली उतरत असू. गाडी रिकामीच मागे जाई आणि धूर ओकत, शिट्टी घालत पुन्हा आमच्यासमोरून जाई. तेवढ्यासाठी सारा जीव कॅमेऱ्यात. असे दोनदा. तिसऱ्यांदा नाही, हा अण्णांचा नियम होता, कारण त्या छोट्या इंजिनाच्या टाकीत पाणी मोजकेच असे.

त्या वेळी अण्णा हिरवी झेंडी घेऊन आमच्याकडे तोंड करून उभे राहत. कोणी रुळाजवळ सरकतो आहे का, यावर त्यांची नजर. इंजिन त्यांच्या पाठीमागून निघून जाई. आमच्यातला इंजिनाचा सर्वांत वेडा माणूस, आणि त्यालाच ते दिसत नसे.

आता जे लिहितो आहे ते लिहिण्यासाठीच मी हा लेख मागून घेतला. ते लिहायला चार वर्षे टाळाटाळ केली.

त्या रविवारी इंजिनावर मुनिस्वामी होते. नोकरीचे तीन महिने उरलेले, आणि आयुष्यभरात सेवापुस्तकात एकही लाल शेरा नाही. गाडी दुसऱ्यांदा समोरून गेली, मी खटका दाबला, आणि खाली पाहिले तर भिंगावरची टोपी काढलेलीच नव्हती. दोन्ही वेळा! अण्णा तेव्हा दूर, मागे राहिलेल्या मंडळींना गोळा करत होते. मी धावत इंजिनाशी गेलो आणि म्हणालो, "अण्णांनी सांगितलंय, अजून एकदा." मुनिस्वामींनी टाकीकडे पाहिले. "अण्णा म्हणाले तर सरी," म्हणाले आणि गाडी मागे घेतली.

फोटो मिळाला. पाणी मात्र पुढच्या स्टेशनापर्यंत पुरले नाही. बॉयलर वाचवायचा म्हणून मुनिस्वामींना भट्टीतली आग खाली पाडावी लागली. आम्ही माळावर थंड इंजिनाशेजारी तीन तास बसलो आणि मागची रोजची गाडी, बाजाराला निघालेल्या माणसांसकट, अडकून पडली. मी त्या तीन तासांत किती फेऱ्या घातल्या, देव जाणे. खरे सांगायला चारदा अण्णांपाशी गेलो आणि चारही वेळा पाण्याचे विचारून परत आलो.

चौकशीला अण्णांबरोबर मीही गेलो होतो. अधिकाऱ्यांनी विचारले, "तिसरी फेरी कोणाच्या सांगण्यावरून?" मुनिस्वामी म्हणाले, "अण्णांच्या." मुनिस्वामींनी ती फेरी आपणहून घेतली असे समजून अण्णांनी त्यांना काही विचारलेच नव्हते; आपले नाव त्यांनी प्रथमच ऐकले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मी जमिनीकडे. मग ते म्हणाले, "हो. मीच सांगितलं. त्यांची चूक नाही."

मुनिस्वामी कोऱ्या पुस्तकानिशी निवृत्त झाले. अण्णांना मात्र पुढे गाडी मिळेना. अर्जामागून अर्ज परत आले. आपल्याच मंडळींत "अण्णांनाही मोह आवरला नाही" असे बोलले गेले, आणि ते ऐकत मी चहा पीत बसलो. चौकशीच्या दिवशी बाहेर आल्यावर मी कसेबसे "अण्णा, मी..." म्हणालो, तर ते म्हणाले, "त्यांचे तीनच महिने राहिलेत हो. माझी गाडी काय, येईल कधीतरी. तुम्ही आधी टोपी काढायला शिका." यापलीकडे एक शब्द त्यांनी आजवर काढलेला नाही. रागावले असते तर मला झोप तरी लागली असती.

तर मंडळी, मोह अण्णांना नव्हे, मला झाला होता. खोटे मी बोललो. हे अण्णांच्या साठीच्या ग्रंथात छापले जावे, एवढीच माझी विनंती आहे.

नवे अधिकारी आले आहेत आणि पुढच्या महिन्यात, चार वर्षांनी, अण्णांच्या साठीनिमित्त आपली गाडी निघते आहे. छोट्या लाईनचे दिवस किती उरलेत कोण जाणे, म्हणून मला आत्तापासूनच चैन पडत नाही. अण्णांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. पाय चालोत, डोळे शाबूत राहोत. डोळ्यांचे मुद्दाम म्हणतो, कारण त्या चढणीवर हिरवी झेंडी मी धरणार आहे. कॅमेरा घरी ठेवून येईन, मंडळींकडे तोंड करून उभा राहीन. अण्णा, तुम्ही तेवढे इंजिनाकडे तोंड करून उभे राहा. आणि फेऱ्या दोनच.