जिभेखालची जागा

आमच्या घरापुढच्या सपरीत दुपार कलली की तीन म्हातारे बसतात. एक घरचेच, माझे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील. दुसरे शेजारचे लहानूभाऊ. तिसरे गजाननभाऊ, जे कारखान्यातून रिटायर होऊन गावी परतले आहेत आणि त्यामुळे त्यांना सगळं कळतं.

सपरी आणि माझी अभ्यासाची खोली यांच्यामध्ये एक खिडकी आहे. मी दहावीला आहे आणि फारशी बोलत नाही, म्हणून आत कोणी बसलंय हे तिघांच्या लक्षातच राहत नाही. किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. खिडकी लावून घेतली तरी ते आत येतात. आणि आबाजींना छातीची गोळी सुरू झाल्यापासून तर अभ्यासच होत नाही.

*

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी ती गोळी दिली तेव्हा आई सोबत होती. डॉक्टर म्हणाले, छातीत दुखायला लागलं की आधी खाली बसा. गोळी जिभेखाली ठेवा. गिळू नका, चावू नका, विरघळू द्या. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर थांबू नका, अॅम्ब्युलन्स बोलवा.

आबाजींनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. बाहेर आल्यावर आईला विचारलं, "सकारी घ्याची का रात्री?"

संध्याकाळी सपरीत बैठक बसली.

"गिळाची नाई म्हणते डॉक्टर," आबाजींनी सांगितलं.

"मंग पोटात जाईन कशी?" गजाननभाऊ.

लहानूभाऊंनी गोळी उलटीपालटी करून पाहिली आणि निकाल दिला, "नुसती दाखवाची असन."

*

गोळीची पहिली अडचण म्हणजे जागा. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा करतात. हा खर्रा आबाजींच्या तोंडात येतो तो भाडेकरूसारखा, निघायचं नावच घेत नाही.

एकदा बांधावरून येताना त्यांच्या छातीत दुखायला लागलं. आईने त्यांना खाटेवर बसवलं, गोळी हातात दिली आणि म्हणाली, "मामाजी, आधी खर्रा थुका."

"आत्ताच तं टाकला ना वं."

त्यांनी गोळी खर्ऱ्यावरच ठेवली. थोड्या वेळाने सवयीने कोपर्‍यात पिचकारी मारली. गोळी भिंतीवर.

"फालतू गोळी हाय," आबाजी छाती धरून म्हणाले. "काईच फरक नाई."

आईने पाण्याचा तांब्या त्यांच्या तोंडाला लावला, चूळ भरायला लावली आणि दुसरी गोळी नीट जिभेखाली ठेवली. दुखणं थांबलं. दुसर्‍या दिवशी सपरीत आबाजींनी पहिली गोळी न लागण्याचं कारण सांगितलं. त्या खर्ऱ्यात म्हणे चुना जास्त झाला होता.

*

लहानूभाऊंनी एका तेरवीच्या जेवणात वडाभात जास्त खाल्ला आणि पोटापासून गळ्यापर्यंत जळजळ घेऊन ते आमच्याकडे आले.

"वासुदेव, तुही गोळी दे बरं एक."

आबाजींनी चहा द्यावा तशी दिली. लहानूभाऊंना घाई होती, त्यांनी उभ्यानेच तोंडात टाकली. मग त्यांचे डोळे फिरले आणि ते धानाच्या पोत्यांवर आडवे झाले. पोती नसती तर दगडी पायरी होती. आई धावली. त्यांचे पाय उशीवर ठेवले, वारा घातला.

डोळे उघडल्यावर आम्हा सगळ्यांकडे पाहून लहानूभाऊ म्हणाले, "पावर हाय गोळीत."

त्या दिवसापासून गोळीचा मान वाढला. गुडघा दुखला, घ्या गोळी. दाढ दुखली, घ्या गोळी. शेवटी आई बोलली, "भाऊ, दुसर्‍याची गोळी आहे ती."

लहानूभाऊंना फार लागलं. "वासुदेव का दुसरा हाय काय?"

*

फेरतपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेता का? या गोळीबरोबर चालत नाही. चक्कर येऊन पडाल."

"नाई," आबाजी म्हणाले.

"आणि मोहाची?" आईने खाली बघत विचारलं.

"ते तं फूल हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

*

गोळी तिच्या पाकिटातच ठेवायची, उन्हात न्यायची नाही, असंही सांगितलं होतं. आबाजींना दोन खिशांत दोन वस्तू ठेवणं पटत नाही. त्यांनी सगळ्या गोळ्या पाकिटातून फोडून खर्ऱ्याच्या पन्नीत टाकल्या आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात ती पन्नी छातीशी घेऊन गावभर फिरले.

गजाननभाऊंनी ती पन्नी मागून घेतली आणि सवयीप्रमाणे घोटली. चांगली दाबून घोटली. अर्धा खर्रा तोंडात गेला आणि थोड्याच वेळात त्यांचं तोंड लाल झालं, डोकं ठणकायला लागलं. ते तडक पानठेल्यावर गेले.

"सुपारीत काय टाकलं बे?"

ठेलेवाला भडकला. आपला माल चोख आहे हे दाखवायला उरलेला अर्धा खर्रा त्याने सगळ्यांसमोर स्वतः खाल्ला.

दुसर्‍या दिवशी ठेला बंद होता.

आबाजींना त्या रात्री दुखलं असतं तर घरात एकही गोळी नव्हती. हे त्या तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. आईला सुचलं. तिने नव्या गोळ्या आणल्या, पाकिटासकट झाकणाच्या डबीत ठेवल्या आणि डबी सपरीच्या कोनाड्यात ठेवली. मग तिघांना समोर बसवून असं काही बोलली की बैठक दोन दिवस भरली नाही.

*

धानाच्या रोवणीचे दिवस होते. आई शेतात, बांधीत गेली होती. सपरीत आबाजी कोणाच्या तरी बैलाबद्दल सांगत होते आणि मध्येच थांबले. मी खिडकीतून पाहिलं. सदरा घामाने ओला, हात छातीवर.

आणि त्यांनी सगळं बरोबर केलं. खर्रा थुंकला, चूळ भरली, भिंतीला टेकून खाली बसले, कोनाड्यातली डबी मागितली, गोळी जिभेखाली ठेवली आणि तोंड मिटलं. मी फोन घेऊन बाहेर आले आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले.

पाच मिनिटं झाली. आबाजींनी मान हलवली, दुखतंच आहे. मी अॅम्ब्युलन्सला फोन लावला. अनोळखी माणसाशी मी इतकं कधीच बोलले नव्हते. गाव सांगितलं, रस्ता सांगितला, म्हातारे आहेत, छातीत दुखतंय, घाम आलाय, सांगितलं.

आबाजींचा चेहरा राखेसारखा झाला होता.

लांबून सायरन ऐकू आला तेव्हा लहानूभाऊंचा धीर सुटला. "मलेबी कसंतरीच होऊन राह्यलं," ते म्हणाले, आणि मी रस्त्याकडे पळाले तेवढ्यात त्यांनी डबी उघडली.

"आपन आधीच घेतलेली बरी," हा आवाज गजाननभाऊंचा.

गाडी दारात आली. बॅग घेऊन एक डॉक्टर उतरले आणि माझ्या मागोमाग धावत सपरीत शिरले. भिंतीला टेकून तीन म्हातारे ओळीने बसले होते. तिघांची तोंडं घट्ट मिटलेली, तिघांचे हात छातीवर.

"पेशंट कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

तिघांनीही हात वर केला.