गोठ्यातल्या कॅमेऱ्यावरचं टोपलं

मी गोठ्यातल्या कॅमेऱ्यावर शेणाचा गोळा मारला, असं आमच्या पेठेत सांगतात. खोटं आहे. मी त्याच्यावर टोपलं अडकवलं. शेण मारायचं असतं तर मारलं असतं, नेम अजून बरा आहे. पण कॅमेरा मुलाच्या कमाईचा आणि शेण माझ्या म्हशीचं. दोन्हीतलं काही वाया घालवायची मला सवय नाही.

आमचं घर कोल्हापुरात, जुन्या पेठेत. पुढं सोपा, मध्ये स्वयंपाकघर, मागं गोठा. गोठ्यात एके काळी अकरा म्हशी होत्या. नवरा संध्याकाळी दोन म्हशी घेऊन कट्ट्यावर जायचा. गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं राहायचं, आणि हा तिथंच धार काढून फेसासकट कोमट दूध हातात द्यायचा. तो गेल्यावर म्हशी एकेक करून कमी झाल्या. आता एक आहे. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर घर कुणाचं ते अर्ध्या पेठेला कळेल. मी सत्तरी ओलांडली आहे, शाळा चौथीपर्यंत झाली आहे. मुलगा सहा वर्षांपासून पुण्यात एका कारखान्यात आहे. बायको आणि मुलगी त्याच्यासोबत. घरात मी आणि म्हैस.

मला यंत्राचं वावडं आहे असं कुणी समजू नये. घरात मिक्सर मी आणला. सासूबाई मिक्सरची चटणी खात नसत, करपल्यासारखी लागते म्हणत. आणला तेव्हा त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. हाताचं दुखणं थांबलं आणि वर आठ दिवसांची शांतता मिळाली. वैरण कापायची मोटर गल्लीत पहिली आमच्याकडं आली, तीही माझ्या हट्टानं. नवरा शॉक बसेल म्हणून लांब उभा राहायचा आणि बटण मी दाबायचे. मोबाईल मला येतो. पाऊस बघते, व्हिडिओ बघते, बहिणीला तोंड दाखवते.

पण माझा, मुलाचा आणि नातीचा असे मोबाईल तीन आणि त्यांचे कायदेही तीन. मी फोन वाजला की उचलते, हात मोकळा असला तर. नात पंधरा वर्षांची, ती फोन उचलतच नाही. वाजायला लागला की विंचू बघितल्यासारखी त्याच्याकडं बघते, आणि थांबला की लिहून विचारते, काय काम होतं. मुलाचं वेगळंच. समोरच्यानं पहिल्या घंटीला उचलला नाही म्हणजे समोरचा मेला, असं त्याचं गणित.

आणि फोन करायचा तो सकाळी सहाला, कामाला निघताना. सहाला मी धारेला बसलेली असते. धार अर्धवट टाकून उठलं तर म्हैस उरलेलं दूध चोरते, सोडतच नाही, मग दिवसभर तिची कास ठणकते. हे त्याला मी सांगायचं? तो या गोठ्यातच रांगला. पण पुण्याच्या हवेत काय आहे कोण जाणे, माणूस आपल्याच घरचं वेळापत्रक विसरतो. एका सकाळी त्यानं नऊ वेळा फोन लावला. मी उचलला नाही. त्यानं शेजारणीला उठवलं, ती धावत आली, आणि मी दुधाची चरवी घेऊन निवांत बाहेर पडत होते.

पुढच्या सुट्टीत तो खोकं घेऊन आला. एक कॅमेरा सोप्यात, एक गोठ्यात. मला विचारलं नाही. शिडीवर चढला, भोकं पाडली, तारा ओढल्या, आणि खाली उतरून म्हणाला, "आता फोन उचलायचं टेन्शनच न्हाय, आई. मी तिकडनं बघतो, तिकडनंच बोलतो."

दुसऱ्या दिवसापासून भिंत बोलायला लागली.

"आई, गोळी घेतलीस काय?"

"आई, फरशी वली हाय, बघून चाल."

"आई, दार उघडंच हाय."

मी चहा गाळत असायचे आणि पाठीमागून आवाज यायचा. कप दोनदा सांडला. शेजारीण, माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि जिभेला हाड नसलेली, दारात उभी राहून म्हणाली, "काकी, लोकांच्या भिंतीला कान असत्यात. तुमच्या भिंतीला पोरगं झालंय की."

मी तिला म्हटलं, "पोरगं झालंय, पण काम एक करत न्हाय. निस्तं बोलतंय."

तीन आठवडे मी सोसलं. मग ती सकाळ आली.

इथं म्हशीची एक गोष्ट सांगायला हवी. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवतात. अंगावरचे केस भादरतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांची माळ घालतात. मग मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या मागं पळते. गर्दी असो, ढोल असो, ती आपल्या मालकाला सोडत नाही. हे आपोआप होत नाही. ती लहान रेडी असल्यापासून रोज तिला एका हाकेची सवय लावतात. माझ्या मुलाची हाक अशी: जिभेनं दोनदा टक्-टक्, आणि मग लांबवून "हीऽऽया". दोन वर्षं तो ती हाक घालत होता. पुण्याला जायच्या आधीच्या पाडव्याला ती त्याच्या मागं रंकाळ्यापर्यंत पळाली आणि शहाण्या पोरीसारखी परत आली.

त्या सकाळी धार निम्मी झाली होती. माझं डोकं तिच्या कुशीला टेकलेलं. भिंत म्हणाली, "आई, स्टूल घेऊन बस की." मी उत्तर दिलं नाही. मग टक्-टक् झालं. आणि हाक आली.

म्हैस एकदम वळली. दावं तुटलं. चरवी एकीकडं, मी एकीकडं. डावं मनगट मोडलं, त्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर.

शेजारणीनं दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं. दुपारी मुलाचा फोन आला. मी सांगितलं, तू हाक घातलीस म्हणून झालं. तो म्हणाला, मी फक्त स्टूल घे म्हटलं. मी म्हटलं, हाक घातलीस. मग तो मऊ आवाजात बोलला. डॉक्टर बोलतात तसा.

"आई, तुला भास झाला असंल. पडल्यावर हुतंय असं."

हात मोडल्याचं मला एवढं लागलं नाही. म्हातारीला भास व्हायला लागले, असं एकदा ठरलं की पुढचं सगळं दुसरेच ठरवतात. झालंही तसंच. त्यानं दोन दिवसांत ठरवून टाकलं. म्हैस विकायची, घराला कुलूप लावायचं, आणि मी पुण्याला चौथ्या मजल्यावर.

रविवारी तो आला. सोबत नात, आणि गडहिंग्लजकडचा एक म्हशींचा व्यापारी.

"आई, हे पावणं म्हस बघाय आल्यात."

"कुणाची?"

"आपली."

"आपली न्हाय. माझी. पावणं, बसा, चहा घ्या. चहाला ना न्हाय. म्हस इकायची न्हाय."

पाहुणा भला होता. फेट्याखाली घाम पुसत म्हणाला, "आक्का, मला तर इकायची हाय म्हणूनच बोलीवलंय. तुमचं आधी ठरवा, तवर मी म्हस निस्ती बघतो. बघायला काय लागतंय?"

चहा पिऊन तो गोठ्यात गेला, तिच्या कासेवरून हात फिरवला, दात बघितले, मान डोलावली. आम्ही गोठ्याच्या दारात भांडत होतो.

"हात मोडलाय तुझा. उद्या कंबर मोडली म्हणजे?"

"मोडली तर तुझ्याच हाकंनं मोडंल."

"परत त्येच! मी हाक घातली न्हाय, आई. सा वर्सं झाली. मला ती हाक आठवतसुदीक न्हाय."

"तुला आठवत न्हाय. तिला आठवत्या."

नात पायरीवर मोबाईल घेऊन बसली होती. मान वर न करता बोलली, "पप्पा, रेकॉर्डिंग असेल की. कॅमेऱ्यात कार्ड आहे. पंधरा दिवसांचं राहतं."

"असू दे."

"मग बघा ना. भांडताय कशाला?"

"मला बघवत न्हाय ते," तो म्हणाला. खाली बघून म्हणाला. "आई पडल्याली मी एकदा बघितली. परत न्हाय."

"मला बघवतंय," मी म्हटलं. "पडली मी हाय. लाव गं पोरी."

त्या डब्यात गेलेलं बोलणं साठून राहतं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी मागितलं असतं. मी समजत होते की तो फक्त आत्ताचं बघतो. नातीनं बोटानं दिवस मागं सरकवले, सकाळ शोधली, आणि मोबाईल आमच्या मध्ये धरला. पाहुणाही पाठीमागून वाकला.

वरून घेतलेलं चित्र. माझा माथा एवढा विरळ झालाय हे मला त्या दिवशी समजलं. मी धार काढतेय, म्हैस शांत. मग मुलाचा आवाज, स्टूल घेऊन बस. मी गप्प. मग तो जरा हसल्यासारखा ऐकू येतो, आणि टक्-टक्. आणि "हीऽऽया".

चित्रातल्या म्हशीचा आधी कान हलला. मग पुढचं आम्हाला चित्रात बघायची गरज राहिली नाही. मोबाईलमधून आलेली ती हाक गोठ्यातल्या म्हशीनंही ऐकली होती. ती तटकन फिरली, नवं दावं ताणलं, खुंटा हलला, आणि पाहुणा एखाद्या पोराच्या चपळाईनं दाराबाहेर आला.

"अयाया! बंद करा ते!"

नातीनं आवाज बंद केला, पण चित्र चालू होतं. मी जमिनीवर पडलेय. म्हैस माझ्यावर पाय देत नाही, अंग चोरून मला ओलांडते. दार उघडं आहे, पण ती दाराकडं जात नाही. भिंतीपाशी जाते आणि कॅमेऱ्याखाली तोंड वर करून उभी राहते. सगळ्या पडद्यावर तिचं नाकाड.

मुलानं मोबाईल पोरीच्या हातातून घेऊन बंद केला. मग म्हणाला, "मी घातली वाटतं."

"वाटतं न्हाय. घातलीस."

"सवयीनं गेली तोंडातनं. ती दिसली, तू दिसलीस..."

"मला भास झालता न्हवं?"

 उत्तर पाहुण्यानं दिलं. फेटा सारखा करत पुढं आला आणि मुलाच्या खांद्यावर हात टाकला.

"पावणं, ही म्हस मी न्हिली तर तुमचा आवाजबी संगट द्यायला लागंल. ही खुळी न्हाय, इमानी हाय. अशी घरातच ऱ्हाऊ द्या. येतो आक्का. चहा झकास हुता."

म्हैस राहिली. मीही राहिले. पण माझा हात प्लास्टरमध्ये, आणि शेजारणीनं आठवडाभर धार काढून कंबर धरली होती. मी मुलाला सांगितलं, हात तू मोडलास, धार तू काढ. त्यानं चार दिवसांची रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो बसला. बोटं सुरुवातीला अडखळली, मग जमली. म्हशीनं मान वळवून त्याला हुंगलं आणि पान्हा सोडला. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. सूनबाईचा असणार. वाजून थांबला. परत वाजला. त्याचे दोन्ही हात दुधात, गुडघ्यांत चरवी. तिसऱ्यांदा वाजला.

मी दारात उभी होते. म्हटलं, "उचल की."

त्यानं माझ्याकडं बघितलं. नात पाठीमागं हसायला लागली.

"आई, पुरं की आता."

"पुरं कसलं? पयल्या घंटीला उचलला न्हाय. मेलास काय ते बघाय शेजारणीला धाडू व्हय?"

जाताना कॅमेऱ्यांवरून पुन्हा जुंपली. मी म्हटलं दोन्ही काढ. तो म्हणाला, आई, काय दिसलं न्हाय तर माझं कामात ध्यान लागत न्हाय. नातीनं मध्ये पडून बोलायची सोय बंद करून दिली. दोन्हीकडची. आता भिंत मुकी आहे. मला एकटीला गाठून नात म्हणाली, "आजी, माझ्या मोबाईलवरपण पप्पांना दिसतं मी कुठं आहे ते. मी कधीकधी मोबाईल मैत्रिणीच्या घरी ठेवून जाते." मी तिला रागवायला हवं होतं. नाही रागावले.

बोलणं गेलं, पण बघणं राहिलं. मला तेही नको होतं. डोक्यावर उभं राहून नवऱ्यानं धार बघितलेलीही मला चालत नव्हती. म्हणून मी शेणाचं जुनं टोपलं धुऊन घेतलं आणि त्याला काठी लावली. प्लास्टर निघालं त्या दिवसापासून सकाळी गोठ्यात शिरताना ते कॅमेऱ्यावर अडकवते. धार झाली की काढते. पहिल्या दिवशी त्याचा फोन आला, कॅमेरा बिघडला काय म्हणून. मी सांगितलं, बिघडला न्हाय. टोपलं निघालं म्हणजे आई उभी हाय. निघालं न्हाय तर सातनंतर शेजारणीला फोन कर, आधी न्हाय.

तो चिडला, आठ दिवस चिडून राहिला. घरात असे आठ दिवस सासूबाईंचे सोसलेले आहेत मी.

आता धार झाली, दूध घातलं, चहा झाला की मीच त्याला फोन लावते. गोळी घेतल्याचं सांगायला. बहुतेक वेळा तो उचलत नाही. मीटिंगमध्ये असतो म्हणे. असू दे. मी काही त्याच्या कारखान्याच्या भिंतीवर शिडी लावून चढलेली नाही.