कासव आणि अतिसमाधानी ग्राहक

आमच्या घरातली पहिली चारचाकी वर्षभरात तीनदा बंद पडली आणि तिन्ही वेळा मी कंपनीचे मनापासून आभार मानले.

यात माझा दोष नाही. (आहे, पण तो पुढे येईलच.) आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. फी माफ करणारे मुख्याध्यापक, जुनी पुस्तकं देणारे गुरुजी, पास काढून देणारे कारकून, सगळ्यांना 'आभारी आहे' म्हणत म्हणतच मी बाभुळगावला मास्तर झालो. ही सवय इतकी मुरली, की लिफ्टमधली बाई 'दरवाजा बंद होत आहे' म्हणाली तरी मी तिला धन्यवाद म्हणतो!

तर मी विजेवर चालणारी गाडी घेतली आणि आईनं जाहीर केलं, "आता दिग्रसले जाईन तं लेकाच्या गाडीनंच. यष्टीत पाय ठेवनार नाही!"

दिग्रस हे आईचं माहेर. तिथली आमची मामी गेली तीस वर्षं दारातच आईचं स्वागत करते, "आल्या का यष्टीच्या पाहुण्या!" त्या दारात गाडीतून उतरायचं, एवढीच आईची इच्छा.

पहिल्यांदा निघालो ते उन्हाळ्यात. यवतमाळ गाठेपर्यंत समोरच्या पडद्यावर एक पिवळं कासव उगवलं.

"गजू, हे कासव कायले आलं?" बाबांनी विचारलं.

"गाडी आता हळू चालन, असं सांगून राह्यलं ते."

"हळू म्हंजे किती?"

तेवढ्यात एक म्हैस आम्हाला ओलांडून पुढे गेली.

"इतकी," मी म्हणालो.

गाडी बरोबर बसस्टँडसमोर थांबली. दिग्रसची बस शेजारून निघाली. कंडक्टर दारातून ओरडला, "दिग्रस, दिग्रस! या मावशी, जागा हाये!" आईनं मान दुसरीकडे वळवली.

यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरमधला सुपरवायझर नितेश म्हणाला, "सर, कंट्रोलर नावाचा एक डबा खराब आहे. तो बाहेरून येतो, वेळ लागेल. वॉरंटीत आहे, काळजी नको. सध्या सॉफ्टवेअर अपडेट करून देतो." अठरा दिवसांनी गाडी मिळाली.

"म्हंजे दुरुस्ती नाही केली," आईनं निदान केलं. "नुसती झाडफूक केली."

निघताना नितेश म्हणाला, "सर, मेसेज येईल. पाच स्टार द्याल ना?" आता, पोरानं चहा पाजला होता. मला 'सर' म्हणाला होता. मी पाच स्टार दिले आणि खाली चार ओळी आभारही लिहिले. (शुद्धलेखन तपासून!)

दुसऱ्यांदा पावसाळ्यात दारव्ह्याला कासव. झाडफूक. पाच स्टार. तिसऱ्यांदा तर दिग्रसची पाटी दिसत असताना कासव! तेवढ्यात मामीचा फोन, "बाई, भजे थंडे झाले ना वो! निघाल्या, का अजून चार्जिंगच करून राह्यल्या?" माहेर चार किलोमीटरवर होतं, पण आई गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये चढली आणि तशीच घरी परत आली. यष्टीत नाही म्हणजे नाही!

या वेळी गाडी महिनाभर 'भरती' राहिली. (हा नितेशचाच शब्द.) ती जागची हलली नाही, तरी मेसेज आला आणि मी सवयीनं पाच स्टार देऊन टाकले. भाऊबीज पाच दिवसांवर आली, तेव्हा आईला घेऊन मी सर्व्हिस सेंटरवर गेलो आणि नम्रपणे विचारलं, "डबा कधी येईल?"

नितेशनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. मग छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"सर, डबा मागवलेलाच नाही. तुमच्या तिन्ही तक्रारी बंद झाल्यात. 'ग्राहक अतिसमाधानी' असं आहे इथं."

"कोन समाधानी?" आई.

नितेशनं बोट दाखवलं. वर वाचूनही दाखवलं, "'आपल्या तत्पर सेवेने मी भारावून गेलो आहे.'"

"भारावला? गाडीचं कासव झालं आन तू भारावला?"

मी शुद्धलेखन बरोबर असल्याचं मनातल्या मनात पाहून घेतलं.

आई तडक गाडीकडे गेली, मागचं दार उघडलं आणि आत बसली.

"मावशी, इथं बसता येत नाही!"

"काहून? गाडी भरती केली म्हनते ना तू? दवाखान्यात पेशंटजवळ एक मानूस राहू देतेत. हे माही पेशंट. सुट्टी होतवर मी उठत नाही."

दुसऱ्या दिवशी बाबांच्या मोटरसायकलवर बसून ती पुन्हा हजर. सोबत पिठलं-भाकर. त्यात नेमकी धनतेरस! शेजारच्याच शोरूममध्ये गिऱ्हाइकांची झुंबड. गाड्या बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आई काचेतून डोकं काढून सांगायची, "घ्या बापा, घ्या! चांगली हाये गाडी. कासव फुकट भेटते!"

दोन कुटुंबं हार न घालताच परत गेली, तेव्हा मॅनेजर स्वतः धावत आले. जो डबा बाहेरून यायचा होता, तो दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरहून आला. बसवून होईपर्यंत आई तिथून हलली नाही. मी मात्र मॅनेजरांना दोनदा 'तसदीबद्दल क्षमस्व' म्हणून आलो.

भाऊबीजेला आमची गाडी दिग्रसला मामाच्या दारात उभी राहिली. आई सावकाश उतरली, पदर नीट केला, आणि मामी काही बोलायच्या आत म्हणाली, "ववाळनीचं ताट आना."

ओवाळणं झालं आणि मेसेज आला. माझा अंगठा सवयीनं पाचव्या चांदणीकडे निघाला.

"आन इकडे!" आईनं फोन ओढला. "ह्यातली एक कोनती?" आणि तिनं ती दाबली.

पाच मिनिटांत कंपनीच्या मोठ्या साहेबांचा फोन! (वर्षभरात पहिला.) आईनं त्यांना कासव, म्हैस, ट्रक आणि थंड भजी सगळं क्रमवार ऐकवलं. साहेबांनी माफी मागितली, डब्याची हमी वाढवून दिली. "घे, बोल आता तू," म्हणत आईनं विजयी मुद्रेनं फोन माझ्या हातात दिला.

साहेब म्हणाले, "सर, तुम्हाला खूप त्रास झाला."

मी म्हणालो, "छे छे! उलट आपलाच आभारी आहे, साहेब."

मामीनं हळूच विचारलं, "बाई, हा पोरगा कोनावर गेला वो?"

"गाडीवर!" आई म्हणाली. "साहेबाचा आवाज आयकला का लागलंच कासव."