मतं खाणारा माणूस

खंदारे सर गेल्याचं मला ताडकळसच्या एका फ्लेक्सवरून कळलं. जिल्हा परिषदेचे आमचे सदस्य त्यावर हात जोडून उभे होते, पूर्ण उंचीचे. सर खाली कोपऱ्यात, ओळखपत्राच्या फोटोएवढे. गेलंय कोण, हे वाचायला मला गाडी थांबवावी लागली.

आम्ही एकाच शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर सर जिल्हा परिषदेला अपक्ष उभे राहिले, ते ओढ्यावरच्या पुलासाठी. पावसाळ्यात त्यांच्या वस्तीतल्या मुलींची शाळा बुडायची आणि दोन्ही मोठ्या उमेदवारांच्या भाषणांत तो ओढा कधी आलाच नाही. "सर, पडणार तुमी," मी म्हणालो. "पडू द्या की. वढ्यात पडण्यापरीस बरं हाय."

पडलेच. पण पहिल्या दोघांतलं अंतर सरांच्या मतांपेक्षा कमी निघालं. आपल्याकडे सगळ्यांत पुढे असेल तो जिंकतो, निम्म्याहून जास्त लोकांना तो नको असला तरी. अशा पद्धतीत तिसऱ्या माणसाला मतं मिळत नाहीत. तो ती खातो... दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातली.

विजयी मिरवणूक मुद्दाम सरांच्या दारात थांबली. सदस्यांनी त्यांना गुलाल फासला, हार घातला आणि माईकवरून ओरडले, "सर, तुमच्यामुळंच!" गावाला तेवढं पुरलं. सर विकले गेले, असं ठरलं. ज्या वस्तीसाठी उभे राहिले, तिथलेच लोक विचारू लागले, "गुरुजी, आपली मतं फोडायचं काय भेटलं?" पूल झाला नाही. वस्तीतून पुन्हा कुणी उभं राहणार नाही, याची मात्र पक्की सोय झाली. दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं हे एवढंच काम.

शोकसभेला सदस्य अर्थातच उशिरा आले आणि थेट माईककडे गेले. सरांच्या पत्नी, शकुंतलाताई, उठल्या.

"सायेब, फुलं मागून वाहा. आमच्या सरांनी तुमच्याकडून काई घेतलं व्हतं का, तेवढं सांगा."

"ताई, ही वेळ आहे का?"

"त्या दिशी माईक व्हता की तुमच्या हातात. आजबी हाय."

"नाही... काही घेतलं नव्हतं," सदस्य म्हणाले, आणि लगेच लोकशाहीवर घसरले. हे एक वाक्य सर जिवंत असताना सदस्यांना जड झालं होतं. मान खाली घालून बसलेल्या वस्तीलाही ते सदस्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही. मला राग कुणाचा जास्त येतो, अजून ठरत नाही.

परवा ताईंना भेटायला गेलो. सर संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसत, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत. निकालानंतर त्यांनी ती खुर्ची आत ओढली, भिंतीकडे तोंड करून. ताईंनी ती पुन्हा ओट्यावर आणून ठेवलीय, रस्त्याकडे तोंड करून. जाणारे लोक तिच्याकडे बघत नाहीत.

"बघतील," ताई म्हणाल्या. "हलवनार न्हाई मी."