दंड दोघांनीही पुढे करा

वासरमन टेस्टचा, म्हणजे रक्ततपासणीचा, निकाल मुंबईहून आला तेव्हा रत्नागिरीच्या दवाखान्यात मी एकटीच बाकावर होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हाला सिफिलिस आहे." आपल्याकडे याला गरमी म्हणतात, तेही हळू आवाजात. तोवर माझी तीन बाळंतपणं वाया गेली होती. एकही मूल रडलं नव्हतं.

"मालक काय करतात?"

"बोटीवर खलाशी आहेत."

"त्यांनाही आणा. नुसत्या तुम्हाला सुया टोचून उपयोग नाही. गर्भ राहण्याआधी दोघांचं रक्त स्वच्छ हवं. नंतर धावाधाव म्हणजे उशीर."

घरी सासूबाईंनी दरवेळी ग्रामदेवीला कौल लावला होता. मूर्तीला फुलं चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं की होकार. प्रश्न एकच, सुनेत दोष आहे का? आपल्या मुलात दोष आहे का, हे कुणी विचारलंच नाही.

मला साल्व्हर्सन, म्हणजे सोमलापासून केलेलं औषध, शिरेतून देत. दंड सुजे, ओकाऱ्या होत. मी ते पुरं केलं.

हे रजेवर आले. "मला काय धाड भरलीय? बोटीवर दोघांचं काम एकटा ओढतो!" तरी थोड्या सुया घेतल्या. अंगावरचे चट्टे गेले, तसा दवाखाना सोडला.

मला पुन्हा दिवस गेले. सहाव्या महिन्यात मुलगी झाली, मेलेली. अंगाची कातडी सुटत होती. माझ्या रक्तात त्यांच्याकडून लागण परत आली होती.

पुढच्या रजेला त्यांचं अंथरूण मी ओटीवर घातलं.

सासूबाई कडाडल्या, "घरधन्याला बाहेर काढलंन हिनं! लोक शेण घालतील तोंडात."

"घालू देत. त्यांना दवाखान्यात न्या, मग आत घेते."

हे म्हणाले, "मग मूल कसं होणार गो?"

"होणारच नाही. मेलेलंही होणार नाही."

बरेच दिवस ते ओटीवरच निजले. मग एका सकाळी ते आपणच वहाणा घालून दवाखान्यात निघाले. सुयांमध्ये खंड पडू नये म्हणून बोटीवरचं काम सोडलं, औषध पुरं केलं.

दोघांचं रक्त स्वच्छ निघालं तोवर माझं वय उलटलं होतं. मूल झालं नाही. तरी डॉक्टरांची मी ऋणी आहे. कारण कळल्यावर स्वतःला पांढऱ्या पायाची समजणं मी सोडलं.

ज्यांना अजून वेळ आहे, त्यांनी दिवस जाण्याची वाट बघू नये. लग्न ठरतानाच दोघांनी रक्त तपासून घ्यावं. मुलाकडचे रागावून उठले, तर उठू द्यावं.