जुन्या जागा बघायला जालन्यात

जिल्ह्यातच, मंठ्यात राहूनही जालना म्हणजे आमच्यासाठी स्टँड, धान्याचा मोंढा आणि दवाखाना एवढंच. काम झालं की परत. या खेपेला मात्र काहीच काम नसताना जायचं ठरवलं. सोबत माझी थोरली बहीण, सुनंदाताई. ती कुंभार पिंपळगावहून आदल्या दिवशीच आली होती. सकाळची एसटी धरली. रस्ता आता चांगला झालाय, बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची फार काळजी नको.

स्टँडवर पोहे खाऊन रिक्षाने मोती तलावावर गेलो. सकाळी इथे फिरायला येणारे सोडले तर शांतता. पाण्यावर हलकं धुकं होतं. ताईने चहावाल्याला मोठ्याने विचारलं, "दादा, जुन्या गावात अशा निवांत जुन्या जागा कुठं कुठं आहेत?"

चहावाल्याने काळी मशीद सांगितली. शेजारी लुनावर बसलेला पांढऱ्या मिशांचा माणूस फोनवर बोलत होता. तो बोलायचा थांबला.

काळ्या दगडाची ती मशीद बाहेरूनच न्याहाळत होतो, तेवढ्यात ताई पुटपुटली, "लुनावाला. मागं बघू नको."

मी बघितलंच. तो समोरच्या टपरीवर उभा राहून आमच्याकडे पाहत होता. मी पर्स पुढे घेतली. मोसंबीचा रस प्यायला थांबलो, तर तोही थांबला. कुंडलिकेचा पूल ओलांडला, तरी मागे लुनाची फटफट होतीच.

"आता गल्लीत वळू," ताई म्हणाली. "लुना आत येणार न्हाई."

दोन वळणं घेतली आणि एका उघड्या फाटकातून आत शिरलो. आत दगडी हौद होता. पायऱ्या उतरत्या, वर चिंचेची सावली, पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसावा. गावाच्या ऐन मध्यात एवढी शांतता! भीती विसरून मी फोटो काढू लागले. वळले तर फाटकात तोच उभा.

"फोटो कशाला काढून राह्यल्या?"

ताईच पुढे झाली. "तुम्ही सकाळपासून आमच्या मागं का? आम्ही का चोर दिसतो?"

"चोर बरा, बाई. चोर वस्तू नेतो, जागा नेत न्हाई."

मग मला उमगलं. तलावावर त्याने ऐकलं होतं ते एवढंच: दोन अनोळखी बाया जुन्या जागा शोधतायत.

"आम्ही बघायच्या जागा म्हणत होतो," मी म्हणाले. "घ्यायच्या नव्हे. मी प्रवासाचं लिहिते." मोबाइलवर माझा ब्लॉग उघडून त्याच्या हातात दिला. घनसावंगीकडच्या गोदाकाठचा लेख त्याने बराच वेळ वाचला. नाव सांगितलं, रशीदभाई. चेहरा मात्र सैल झाला नाही.

"मागं बी दोघं आल्ते. इतिहास लिहितो म्हणाले. आमच्या घरी चहा पिले. मंग पलीकडच्या गल्लीतल्या हौदाला पत्रे लागले. आता तिथं दुकानं आहेत." तो पाण्याकडे बघत होता. "माझ्या अब्बांना शेवटची आंघोळ ह्याच पाण्यानं घातली. फोटो ठेवा, पण पत्ता टाकू नका."

"न्हाई टाकणार," मी म्हणाले.

"बिलकुल टाकू नका."

ताईने पाणी मागितलं. त्याने स्वतः बादली बुडवून आमच्या ओंजळीत ओतलं. थंड, किंचित दगडाच्या चवीचं. वाटलं, मिटलं आता. पण आमची रिक्षा स्टँडवर पोचली, तर मागून लुना आलीच. मंठ्याची गाडी हलेपर्यंत तो फलाटाच्या टोकाला उभा होता. ताईने हात हलवला. त्याने हलवला नाही.

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं घरात सांगितलं, फोटो दाखवले. माझे धाकटे दीर प्लॉटच्या व्यवहारात असतात. त्यांनी मोबाइल घेतला, बोटांनी फोटो मोठा केला. पाणी नाही, मागची भिंत बघत होते.

"वहिनी, हे कुठंशी आलं? रस्त्यापासून बरंच आत आहे का?"

"का हो भाऊजी?"

"न्हाई, सहज. जागा भारी दिसते."

घास हातातच राहिला. ज्यांना मी रोज वाढते, त्यांच्या चेहऱ्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा अशी बघत होते. ताईने भाकरीवरून नजर उचलली नाही, पण तिचा पाय माझ्या पायाला लागला.

"काय सांगू," मी म्हणाले, "गल्ल्या सगळ्या सारख्याच. आम्ही तर वाट चुकून गेल्तो."

मोबाइल परत घेतला आणि हौदाचे फोटो एकेक करून पुसून टाकले. म्हणून या लेखात फक्त तलावाचे फोटो आहेत.

तुम्ही जालन्याला जरूर जा. तलावावर सकाळी लवकर पोचा, मोसंबीचा रस प्या, जुन्या गावात पायीच फिरा. हौदाचा पत्ता मात्र मला विचारू नका. विचारलात, तर तुम्ही काय काम करता, हे मी आधी विचारणार.