सरसोंची परतलेली भाजी

लेक बारावीत गेली आणि आमच्या चंदीगडच्या क्वार्टरमधून भाजी हद्दपार झाली. सकाळी टोस्ट, कोचिंगला नूडल्स, घरी आल्यावर चिप्स. भाजी वाढली की नाक मुरडून म्हणायची, "मम्मा, यार, प्लीज!" नवरा हवाई दलात, बदल्या सगळ्या उत्तरेकडे. त्यामुळे पोरीला मराठी कळतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत.

नुसत्या खाण्याचं मी मनावर घेतलं नसतं. पण हिवाळा लागला तसं तिचं बोलणंही आटलं. रात्री झोप नाही, दिवसभर डोकं धरून बसायची आणि काय झालंय ते विचारलं तर ताकास तूर लागू देत नव्हती. तपासणीत रक्त कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, हिरव्या भाज्या आणि झोप हवी म्हणाल्या, आणि हिच्या मनात काय चाललंय ते बघा, असंही. बघा म्हणे! मी दुसरं काय करत होते? पोर डोळ्यांसमोर असून हातची जातेय, असं वाटत होतं.

एका पंजाबी मैत्रिणीच्या घरी ही सरसोंचा, म्हणजे मोहरीच्या पाल्याचा, साग आवडीनं खाते, एवढं मला ठाऊक होतं. एका रविवारी तिरीमिरीत मंडीतून सरसोंच्या ताज्या जुड्या आणल्या. आम्हा साताऱ्याकडच्या बायकांना पालेभाजी काय कुणी शिकवायची? लसूण-मिरचीची फोडणी दिली, पाला परतला, वर दाण्याचं कूट घातलं. झाली भाजी.

तिनं एक घास घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिली. "मम्मा, ये साग है?" मी चाखली. कडू आणि चरचरीत, वर दोऱ्यासारखे देठ दातांत अडकलेले. आधी मला रागच आला. पण ती हसत सुटली, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग मीही.

तिनंच मैत्रिणीच्या आईला फोन लावला. "परतली?" त्या पलीकडून ओरडल्याच. "ओ जी, सरसों को घोटना पड़ता है! पालक डालो, बथुआ डालो, धीमी आँच पे रखो." लेक चप्पल घालून स्वतः पालक आणि बथुआ, म्हणजे आपला चाकवत, घेऊन आली. सगळं एकत्र शिजायला ठेवलं आणि ती वरणाची रवी घेऊन घोटायला बसली.

घोटता घोटता, पातेल्यात बघतच, ती बोलायला लागली. टेस्टमधले मार्क घसरलेत. सगळे पुढे गेले. "मुझे लगता है मैं बेवकूफ़ हो गई हूँ." रात्री अंधारात छाती धडधडते. मी फक्त विचारत राहिले, "पाणी घालू का गं थोडं?" म्हटलं, थांबायला नको ही.

सागानं पोर बरी झाली असं मी म्हणणार नाही. गोळ्या चालूच राहिल्या, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरीणबाईंनी सुचवलेल्या समुपदेशक बाईंकडेही गेलो. पण त्या दुपारी तिनं तो साग भाकरीबरोबर दोनदा मागून घेतला, वर मुळा कराकरा चावला आणि व्हरांड्यातल्या उन्हात चटईवर आडवी झाली. बघते तर गाढ झोपलेली. माझा जीव भांड्यात पडला.

चारला कोचिंगची टेस्ट होती. मी तिला उठवलं नाही.